दातांच्या डॉक्टरांचा ब्रह्मदेश

ब्रह्मदेशाची सगळ्यात जास्त काळजी करणारा माणूस ब्रह्मदेशात राहत नाही. तो म्हैसूरला सरस्वतीपुरमात राहतो, आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर, आणि दातांचा दवाखाना चालवतो. हे मी पुरत्या जबाबदारीनं सांगते आहे. त्या देशातल्या सेनापतींना रात्री झोप लागत असेल, आमच्या घरमालकांना लागत नाही. इरावतीच्या खोऱ्यात एखादा पूल उडाला, की इकडे त्यांचा रक्तदाब चढतो. डोंगरातल्या एका गटानं दुसऱ्या गटाशी जुळवून घेतलं, की इकडे घरात केसरीभात होतो. आणि हे सगळं त्यांना कळतं ते कानांनी. वर्तमानपत्रावर त्यांचा विश्वास नाही, टीव्हीवर तर मुळीच नाही. पॉडकास्ट! बँकॉकमध्ये बसलेली एक पत्रकार बाई, ऑस्ट्रेलियातला एक खोकणारा प्राध्यापक, बौद्ध धर्मावर बोलणारा एक इतका संथ माणूस, की त्याचं एक वाक्य संपेपर्यंत कॉफी निवते. ही सगळी मंडळी डॉक्टरांच्या घरात सकाळपासून नांदत असतात. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणतात, "आमच्याकडे पाहुणे दिसत नाहीत, पण बोलणं सगळ्यांचं चालू असतं."

मी नाशिकहून इथल्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरीला आले, तेव्हा घर शोधत त्यांच्या दारात उभी राहिले होते. तोवर पाहिलेल्या घरमालकांनी जात विचारली होती, मांसमच्छी विचारली होती, एकीनं तर मी रात्री घोरते का, तेही विचारलं होतं. डॉक्टरांनी यातलं काहीच विचारलं नाही. मला खुर्चीवर बसवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बर्मा म्हणता की म्यानमार?"

मला वाटलं, मी चुकीच्या घरात आले. पण उत्तर द्यायला हवं होतं. म्हटलं, "आम्ही शाळेत ब्रह्मदेश म्हणायचो."

डॉक्टर ताडकन उठले. "ब्रह्मदेश! अय्यो, केवढं चांगलं आहे! अगं ऐकलंस का, ही अम्मा ब्रह्मदेश म्हणते!" आतून काकू पदराला हात पुसत आल्या, माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि किल्ली आणून दिली. त्या एका शब्दावर मला घर मिळालं.

डॉक्टरांचं घराणं मूळचं आपल्याकडचं. कुणीतरी खापरपणजोबा एका पथकाबरोबर घोड्यावर बसून म्हैसूरच्या राजाच्या चाकरीला आले आणि राहिले. घोडा गेला, तलवार गेली, मराठी तेवढी उरली, तीही कानडी भातात कालवून. "स्वल्प बसा, काय घाई हाय?" "ते सुम्ने बोलतंय, लक्ष देऊ नका." 'सुम्ने' म्हणजे उगीच. हा त्यांचा लाडका शब्द. ते उगीच येतात, उगीच बसतात, उगीच विचारतात, आणि उगीच म्हणून सुरू केलेलं त्यांचं बोलणं तास-दीड तासानं संपतं. माझी मराठी त्यांना पुस्तकातली वाटते. मी "अर्थातच" म्हटलं, की ते डोळे मिटून घेतात. गाणं ऐकावं तसे.

हे ब्रह्मदेशाचं वेड त्यांना लागलं तेही उगीचच. मुलीनं मेलबर्नहून नवा फोन पाठवला आणि त्यात बोलून शोधायचं कसं ते शिकवलं. दसरा जवळ आला होता, आणि दसऱ्याला इकडे घरोघरी बाहुल्या मांडतात. काकूंच्या बाहुल्यांची मांडणी इथे सगळ्या आळीत नावाजलेली. बाहुलीला कानडीत 'बोंबे' म्हणतात. काकूंना काहीतरी नवीन मांडायचं होतं, म्हणून डॉक्टरांनी फोन तोंडाजवळ धरून दवाखान्यातल्या आवाजात आज्ञा केली, "बोंबे!" फोननं ऐकलं, बर्मा. दुसऱ्या क्षणाला एक बाई इंग्रजीत मंडालेच्या बाजारातल्या तांदळाचं सांगायला लागली. दुसरा कुणी असता तर बंद करून पुन्हा ओरडला असता. पण डॉक्टरांचा लहानपणापासूनचा नियम, पानात वाढलेलं टाकायचं नाही. त्यांनी तो भाग संपवला. बाई शेवटी म्हणाली, बाकीचं पुढच्या आठवड्यात. झालं! त्या वर्षी बाहुल्या जशाच्या तशा मागच्या वर्षीसारख्या मांडल्या गेल्या आणि डॉक्टर ब्रह्मदेशात गेले ते अजून परतलेले नाहीत.

आता, वेड कुणाला नसतं? पण वेडाला श्रोते लागतात, आणि इथे डॉक्टरांच्या धंद्यानं त्यांना असा हात दिला आहे की कुठल्याही कीर्तनकारानं हेवा करावा. त्यांचा श्रोता आडवा झोपलेला असतो, त्याचं तोंड उघडं असतं आणि त्यात कापूस असतो. "बायि तेगीरि," म्हणजे तोंड उघडा, एवढं म्हणून डॉक्टर आरसा आत घालतात, मागे कपाटावरच्या स्पीकरमधून प्राध्यापक खोकतात, आणि समालोचन सुरू होतं. माझ्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल आणि शान प्रांताचा इतिहास हे एकाच वेळी पूर्ण झाले. भिक्षूंनी राजकारणात पडावं का, या प्रश्नावर डॉक्टरांनी माझं मत विचारलं तेव्हा माझ्या तोंडात त्यांची दोन बोटं आणि एक नळी होती. मी "आँ" म्हटलं. "बरोबर आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले, "पण दुसरी बाजू पण हाय की."

गंमत अशी, की लोकांना हे आवडायला लागलं. हेब्बाळच्या कारखान्यातला एक फिटर दाढ भरून गेला आणि पंधरवड्यानं पुन्हा येऊन बसला. डॉक्टरांनी तपासलं. दाढ खणखणीत. "मग काय दुखतंय?" फिटर जरा लाजला आणि म्हणाला, "डाक्ट्रे, आ कदनविराम एनाय्तु?" त्या युद्धबंदीचं पुढे काय झालं, हे त्याला कळेना, आणि हेब्बाळमध्ये विचारणार कुणाला? डॉक्टरांनी त्या दिवशी पुढच्या पेशंटला अर्धा तास बसवून ठेवलं. त्या पेशंटची तक्रार नव्हती, तोही ऐकत होता.

एवढ्या ज्ञानाचा आळीला उपयोग व्हावा, अशीही त्यांची खटपट असते. आमच्या शेजारच्या दोन घरांमध्ये फणसाचं झाड आहे. बुंधा एकीकडे, फणस दुसरीकडे. त्यावरून दोन्ही घरांत वर्षानुवर्षं बोलणं बंद. डॉक्टर मध्यस्थीला गेले आणि त्यांनी दोघांना समोरासमोर बसवून संघराज्य म्हणजे काय ते समजावलं. बुंधा केंद्राचा, फांद्या राज्यांच्या, गळालेली पानं समवर्ती सूचीत. बैठक जेवणाची वेळ टळून गेली तरी चालली. शेवटी दोन्ही शेजारी एकमेकांकडे पाहायला लागले आणि बाहेर पडल्यावर कितीतरी वर्षांनी एकमेकांशी पहिलं वाक्य बोलले, ते असं, की काहीही होवो, डॉक्टरांना पुन्हा बोलवायचं नाही. तेव्हापासून फणस दोन्ही घरांत गुण्यागोविंदानं खाल्ला जातो. डॉक्टर हा स्वतःचा विजय मानतात, आणि तसा तो आहेही.

धर्माच्या बाजूनंही त्यांनी प्रयत्न केला. तिथले भिक्षू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, हे कळल्यावर एका पौर्णिमेला त्यांनी तसा नेम धरला. बारा वाजायच्या आत दोन माणसांचं जेवले. तीन वाजता त्यांना त्या नियमामागचं शहाणपण दिसत होतं. चारला ते माझ्याशी भूक हा मनाचा खेळ असल्याबद्दल बोलले. पाच वाजता मी वर भजी तळत होते, तर दार वाजलं. दारात डॉक्टर. "सुम्ने आलो. बर्मात आता सहा वाजले असतील." मी म्हटलं, "मग तर तुमचा नेम फारच मोडेल." "तिकडचा मोडेल," ते आत येत म्हणाले, "पण आपण हितं राहतोय की नाही?"

आणि एकदा तर त्यांनी बसस्टँडवर एका भिक्षूंना गाठलं होतं. लाल वस्त्रं, मुंडन केलेलं डोकं, चेहऱ्यावर शांती. डॉक्टरांनी हात जोडून, कमरेत वाकून, आठवडाभर घोकलेलं ब्रह्मदेशी अभिवादन केलं, "मिंगलाबा!" आपलं मंगलच ते, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं आहे. भिक्षूंनी त्यांच्याकडे प्रेमानं पाहिलं आणि अस्सल म्हैसुरी कानडीत विचारलं, "सार, हुणसूर बस्सु होय्ता?" हुणसूरची बस गेली का! ते जन्मापासून हुणसूरपलीकडच्या तिबेटी वसाहतीत राहणारे लामा होते. डॉक्टरांनी त्यांना बसमध्ये बसवून दिलं आणि वाटेतल्या येलवालपर्यंत स्वतःही गेले. का, तर गप्पा अर्ध्यावर होत्या.

या सगळ्या आवाजांत डॉक्टरांच्या खास जिव्हाळ्याचा एक आवाज होता. तो प्राध्यापकही नव्हता आणि पत्रकारही नव्हता. ब्रह्मदेशातल्या कुठल्याशा गावात राहणारा एक तरुण, मोडक्या पण गोड इंग्रजीत बोलणारा. सुरुवातीला आपल्या भाषेत एक वाक्य म्हणायचा, मग गावच्या नदीला आज पाणी किती आहे ते सांगायचा आणि मगच विषयाला हात घालायचा. विषय तरी कसले? लढाई चालू असताना लग्नं कशी होतात. शाळा बंद पडल्यावर विहारात मुलांना कोण शिकवतं. रस्ता अडवला की मीठ कुठून येतं. नाव तो कधी सांगायचा नाही, सांगण्यासारखी परिस्थितीही नव्हती. डॉक्टर त्याला नदीवाला म्हणायचे. प्राध्यापकांचं बोलणं ते काम करता करता ऐकायचे. नदीवाला सुरू झाला की हातातलं हत्यार खाली ठेवायचे.

"याचा वरचा पुढचा दात तुटलाय," एकदा ते मला म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं? फोटो पाहिलात?"

"फोटो कशाला? 'स' ऐका त्याचा. शिट्टी वाजतीय. कोपरा उडालेला असणार. तसाच ठेवला तर आत कीड जाईल." आणि कार्यक्रमाच्या शेवटी तो तरुण जिथे संदेश पाठवायला सांगायचा, तिथे डॉक्टर प्रत्येक भागानंतर आपल्या आवाजात संदेश पाठवायला लागले. पहिल्या अर्ध्यात भागाचं कौतुक, दुसऱ्या अर्ध्यात दाताची निगा. गार पाणी नको, सुपारी तर नकोच, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत जा. उत्तर कधी आलं नाही. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या कुठल्याच श्रोत्याला बोलता येत नसे, त्यांना सवय होती.

मग एका आठवड्यात नदीवाल्याचा भाग आला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात बँकॉकच्या बाईंनी त्या नदीच्या काठच्या गावांवर हल्ले झाल्याचं सांगितलं. घरं जळली होती, लोक पांगले होते. कोण, कुठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू कॉफीचा लोटा घेऊन वर आल्या. एरवी त्या वर येत नाहीत, खालूनच हाक मारतात. त्या बसल्या, कॉफी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "ऐकू येतंय का काही तुम्हाला?" मी कान दिला. खाली शांतता होती.

"स्पीकर बंद केलाय त्यांनी. सुम्ने, गप्प बसून पेशंट बघतात. काल एकाची दाढ काढली, त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तो घाबरला, मला येऊन विचारतो, माझं काही गंभीर आहे का." काकूंनी डोळे पुसले आणि हसल्याही. "इतकी वर्षं मी म्हणत होते, साकु, पुरे, बंद करा ते. आता घर खायला उठतंय हो."

मी संध्याकाळी खाली गेले. डॉक्टर व्हरांड्यात बसले होते. मी म्हटलं, फोन बिघडला असेल, वीज नसेल, तिकडे इंटरनेट बंद करतात असं तुम्हीच सांगता. त्यांनी सगळ्याला मान डोलावली. मग म्हणाले, "अम्मा, मला त्याचं नाव पण माहीत नाही. कुणाला विचारायचं, काय म्हणून विचारायचं? दात तुटलेला एक मुलगा, असं?"

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी माझ्या दाढेवरची टोपी सैल झाली म्हणून मी दवाखान्यात बसले होते, तेव्हा दारात एक भिक्षू येऊन उभे राहिले. तिशीचे असतील. एक गाल आंब्याएवढा सुजलेला, आणि तरी चेहऱ्यावर हसू. "स्वल्प नोवु," ते म्हणाले. थोडं दुखतंय! डॉक्टरांनी त्यांची वस्त्रं पाहिली. पण बसस्टँडवर एकदा हात पोळले होते, या वेळी त्यांनी घाई केली नाही. खुर्ची दाखवली आणि केसपेपरावर लिहिता लिहिता, जसं काही सगळ्यांनाच विचारतात अशा आवाजात, कुठून आलात म्हणून इंग्रजीत विचारलं. इथल्या विद्यापीठात पाली शिकतो, भिक्षू म्हणाले. आणि देश?

"म्यानमार."

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. मी माझी सैल टोपी विसरून त्यांच्याकडे पाहत राहिले. कित्येक वर्षांचे प्रश्न डॉक्टरांच्या पोटात साठले होते. आणि आज साक्षात ब्रह्मदेश त्यांच्या खुर्चीत येऊन, तोंड उघडून बसला होता. डॉक्टरांनी दिवा ओढला, आरसा घेतला, आत पाहिलं. "फार दुखत असणार," एवढंच ते म्हणाले, आणि कामाला लागले. शान प्रांत नाही, काचिन नाही, निवडणुका नाहीत, काही नाही. गळू फोडलं, औषध भरलं, गोळ्या दिल्या. भिक्षू गेल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, विचारलं नाहीत?" ते हात धूत म्हणाले, "गाल एवढा सुजलाय त्यांचा. आता विचारायचं असतं काय?"

त्यांनी विचारलं ते शेवटच्या खेपेला, सूज पूर्ण उतरल्यावर. काकूंनी भिक्षूंना जेवायला ठेवून घेतलं होतं आणि अकरा वाजताच पान वाढलं होतं. पानात मटणाचं सारु होतं. तिकडचे भिक्षू जे वाढलं जाईल ते खातात, हे काकूंना कसं ठाऊक, हे विचारायची डॉक्टरांची छाती झाली नाही. रविवार असल्यामुळे मीही तिथेच होते. भिक्षू मनापासून जेवत होते. डॉक्टर समोर बसून चुळबुळत होते. अखेर त्यांनी फोन पुढे केला. "एक मिनिट ऐकाल?"

नदीवाल्याचा आवाज आला. आधी ते आपल्या भाषेतलं एक वाक्य, मग नदीचं पाणी. भिक्षूंचा हात पानातच थांबला. त्यांनी खूण करून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"तुम्ही ओळखता याला?" डॉक्टर जवळजवळ ओरडलेच.

"नाही," भिक्षू म्हणाले. "पण हा 'पाणी' जसं म्हणतो, तसं आमच्या नदीच्या एका वळणावरच म्हणतात. माझी आई तिथली. दोन-चार गावं आहेत. त्यातल्या एका गावचा आहे हा." मग त्यांनी शांतपणे समजावलं. गाव म्हटलं की विहार असतो. विहार जळला तरी भिक्षू कुठल्यातरी दुसऱ्या विहारात गेलेले असतात. त्यांना विचारता येईल. उशीर लागेल.

उशीर लागला. कुणी मंडालेला विचारलं, तिथून कुणी पुढे विचारलं, मध्ये कितीदा फोन लागले नाहीत. भिक्षू दर आठवड्याला यायचे, काकूंच्या हातचं जेवायचे आणि अजून काही नाही म्हणून सांगायचे. डॉक्टर "होईल, होईल" म्हणत त्यांना फाटकापर्यंत पोचवायचे. आणि एका रविवारी सकाळी खालून माझ्या नावानं अशी हाक आली, की मी दात घासायचा ब्रश तोंडात घेऊनच जिन्यावरून उतरले. भिक्षू दवाखान्यात उभे होते. त्यांच्या फोनवर घंटा वाजत होती, आणि डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसले होते.

पडद्यावर एक किडकिडीत तरुण दिसला. मागे मोठमोठी पातेली, वाफ, कुणीतरी कांदा चिरत होतं. थायलंडच्या हद्दीतल्या एका खानावळीत तो काम करत होता. गाव सुटलं, रेकॉर्डिंगचं सामान वाटेत गेलं, पण माणसं सगळी हातीपायी धड पोचली होती. हे त्यानं भराभरा सांगितलं. मग सगळे डॉक्टरांकडे बघायला लागले. या क्षणाची त्यांनी किती तयारी केली होती, ते मला माहीत होतं. जिन्यात गाठून त्यांनी माझ्यावर सराव केला होता. डॉक्टर फोन अगदी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "तोंड उघड."

तरुण गोंधळला.

"उघड, उघड. मोठं. आ कर."

त्यानं आ केला. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता.

"बघितलंस?" डॉक्टर काकूंकडे वळून म्हणाले. "कोपरा! मी म्हणत होतो की नाही, कोपरा!" ते चष्मा काढून पुसत बसले. पलीकडून तो तरुण आनंदानं ओरडत होता, "टूथ अंकल! तुम्ही टूथ अंकल!" सगळे संदेश त्याला मिळत होते. उत्तर पाठवणं धोक्याचं होतं, म्हणून पाठवलं नव्हतं. पण ते तो आजीला ऐकवायचा. आजीला इंग्रजीचा गंध नाही, तरी ती रोज ऐकायची. ती म्हणायची, हा माणूस पोटभर जेवून बोलतोय, याचं बोलणं ऐकलं की बरं वाटतं. आणि मग नातवाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायची, कारण त्याचं भाषांतर त्यानं करून टाकलं होतं. काकू हे ऐकून इतक्या हसल्या, की भिंतीला टेकल्या. "पोटभर जेवून! आजींना म्हणावं, बरोबर ओळखलंत!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात प्राध्यापक पुन्हा खोकायला लागले. पेशंट निर्धास्त झाले. काही आठवड्यांनी त्या तरुणानं उसन्या फोनवर नवा भाग केला आणि त्यात पाहुणे म्हणून, म्हैसूरचे दातांचे डॉक्टर! आमच्या आळीत हे पसरायला वेळ लागला नाही. ती फणसवाली दोन्ही घरं एकत्र बसून ऐकणार असं ठरलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी काकूंनी मिक्सर, पंखा, नळ, सगळं बंद केलं आणि स्वतः दाराबाहेर राखणीला बसल्या. डॉक्टर कोट घालून आले. आवाजाला कोट कशाला, असं मी म्हटलं नाही.

तरुणानं पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं आमच्या देशाशी काही नातं नाही, कधी आला नाहीत, कुणी ओळखीचं नाही. मग तुम्ही एवढं का ऐकता?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. दाराशी बसलेल्या काकूंनी आत डोकावून पाहिलं. मला वाटलं, आता संघराज्य येणार, आता भूगोल येणार. पण डॉक्टर हळूच म्हणाले, "मी लोकांचे दात बघतो. तोंड उघडलेल्या माणसाला बोलता येत नाही, पण त्याला दुखतंय कुठे, ते मला शोधावं लागतं. तुमच्याकडचं ऐकताना मला तसंच वाटतं. आणि एकदा ऐकल्यावर, पुढं काय झालं ते कळल्याशिवाय मला झोप लागत नाही." मग म्हणाले, "अजून कळलेलं नाही. म्हणून ऐकतो."

तो भाग आळीत सगळ्यांनी ऐकला. फिटरनं हेब्बाळमध्ये पन्नास जणांना ऐकवला. तरुणानं शेवटी डॉक्टर-काकूंना आमंत्रण दिलं होतं. सगळं शांत झालं, घरी परत जाता आलं, की आमच्या गावी या. आजी तुम्हाला माशाच्या रश्शातल्या शेवया खाऊ घालेल, आणि तुम्ही माझा दात बसवा. त्या रात्री जेवताना काकूंनी सहज विचारलं, "मग कधी जायचं?"

मी पानावरून वर पाहिलं. ब्रह्मदेशाबद्दलचा प्रश्न आणि तोही काकूंनी विचारलेला! आता एक तास तरी उठता येणार नाही, अशा तयारीनं मी बसले. पण डॉक्टर भात कालवत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "गोत्तिल्ला." माहीत नाही. त्या एका देशाबद्दल ते हा शब्द उच्चारताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

काकूंनी त्यांच्या पानात आणखी सारु वाढलं. "असू दे," त्या म्हणाल्या. "पण तोवर गुडघे सांभाळायला पाहिजेत की. नदीकाठी चढउतार असणार."

हल्ली सकाळी कंपनीची बस पकडायला निघाले, की कधीकधी कुक्करहळ्ळीच्या तळ्याच्या बांधावर मला ती दोघं दिसतात. पाण्यावर बगळे उतरत असतात. डॉक्टर पुढे, काकू अर्धं पाऊल मागे, पायांत नवे बूट. इअरफोनची वायर एकच आहे. तिचं एक टोक त्यांच्या कानात आणि दुसरं काकूंच्या, त्यामुळे दोघांनाही एकमेकांच्या चालीनं चालावं लागतं. मध्येच काकू थांबतात, ऐकलेलं काहीतरी विचारतात, डॉक्टर हातवारे करून सांगतात. मग दोघं पुन्हा चालायला लागतात, अजून बरंच लांब जायचं असल्यासारखी.